यॉर्कटाउनच्या तटाबाहेर

इतिहासाच्या तासाला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध शिकवत होतो. यॉर्कटाउनचा वेढा, १९ ऑक्टोबर १७८१ ची शरणागती. हा प्रसंग मुलांना आवडतो. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस आजाराचे कारण सांगून आलाच नाही, त्याने ओहारा नावाच्या दुय्यम अधिकाऱ्याला पाठवले. ओहारा आधी फ्रेंच सेनापती रोशाँबोकडे गेला. रोशाँबोने वॉशिंग्टनकडे बोट दाखवले, आणि वॉशिंग्टनने आपल्या दुय्यमाकडे, लिंकनकडे. याच लिंकनला १७८० साली चार्ल्स्टन येथे इंग्रजांपुढे मानहानीकारक शरणागती पत्करावी लागली होती. मुले खूश झाली. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, ग़ुलाम किस की तरफ़ थे?"

"दोनों तरफ़," असे म्हणून मी पुढे गेलो. उत्तर चूक नव्हते. वॉशिंग्टनच्या फौजेत ऱ्होड आयलंडची पलटण होती, तिच्यात कृष्णवर्णीय शिपाई होते. पण घरी गेल्यावर ते उत्तर मला टोचू लागले.

१७७५ साली व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने जाहीर केले होते की बंडखोर मालकांचे जे गुलाम इंग्रजांसाठी शस्त्र धरतील ते मुक्त. १७७९ मध्ये सरसेनापती क्लिंटनने बंडखोरांकडून पळून येणाऱ्यांना आपल्या छावणीत आश्रय देऊ केला. यात दयाबुद्धी नव्हती. शत्रूची शेती ओस पडावी एवढाच हिशेब होता. राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना ही सवलत नव्हती. तरीही माणसे हजारोंनी आली. यॉर्कटाउनचे मातीचे तट त्यांच्याच हातांनी उभे राहिले. मग वेढा पडला, धान्य संपत आले, देवीची साथ पसरली, आणि कॉर्नवॉलिसने याच लोकांना तटाबाहेर हाकलले. त्याच्याच सैन्यातल्या एवाल्ड या जर्मन अधिकाऱ्याने शरमेने आपल्या रोजनिशीत हे लिहून ठेवले आहे. दोन्ही फौजांमधल्या रानात कित्येकजण मरून पडले.

जे जगले त्यांचे काय? शरणागतीच्या चौथ्या कलमाने स्थानिकांना आपली 'मालमत्ता' परत मागण्याचा हक्क दिला. मालमत्तेत माणसेही आली. वॉशिंग्टनच्या हुकुमाने पळालेल्यांना गोळा करून पहाऱ्यात ठेवले गेले. त्याच्या स्वतःच्या मळ्यातून पळालेल्या दोन स्त्रियाही यॉर्कटाउनला सापडल्या आणि परत गुलामीत गेल्या.

प्रश्न असा पडतो की स्वार्थापोटी दिलेला शब्द शब्द असतो की नाही? व्यवहारी माणूस म्हणेल, युद्धातली ती चाल होती, चाल फसली, विषय संपला. मला हे पटत नाही. देणाऱ्याच्या मनात काय होते हे देणारा जाणे. घेणाऱ्याने मात्र त्या शब्दावर जीव पणाला लावलेला असतो. पकडले गेल्यास आपले काय होईल हे पळालेल्या बाईला पुरते ठाऊक होते.

इथे मला ताइफचा वेढा आठवतो. हिजरी सन ८, म्हणजे इ. स. ६३०. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी जाहीर केले की किल्ल्यातून जो गुलाम उतरून आमच्याकडे येईल तो स्वतंत्र. काहीजण आले. त्यांतले एक विहिरीच्या रहाटाच्या आधाराने तटावरून उतरले, म्हणून त्यांचे नाव अबू बक्रा पडले. (पहिले खलिफा हजरत अबू बक्र वेगळे.) ही घोषणासुद्धा युद्धातलीच होती, आणि वेढा तर न जिंकताच उठवावा लागला. पुढे ताइफवाले इस्लाममध्ये आले, आपलेच झाले, आणि त्यांनी आपली माणसे परत मागितली. नव्या दोस्तांना खूश करण्याची ती वेळ होती. पैगंबरांनी नकार दिला. ज्यांना अल्लाहने मुक्त केले त्यांना परत कसे द्यायचे?

हे सांगताना छाती फुगवायचे कारण नाही. यानंतर मुसलमान राज्यांत गुलामांचे बाजार शेकडो वर्षे भरत राहिले. आणि हरलेल्या इंग्रजांतही शब्द पाळणारा निघालाच. १७८३ च्या तहात गुलाम नेऊ नयेत असे कलम होते. न्यूयॉर्कचा सेनापती गाय कार्ल्टन याने वॉशिंग्टनला तोंडावर सांगितले की आमच्या वचनावर आलेल्यांना परत देणे बेइमानी ठरेल. वाटल्यास मालकांना भरपाई मिळावी म्हणून त्याने नोंदवही ठेवली. तीत सुमारे ३००० जणांची नावे आहेत.

आणि जेम्स? लाफायेतसाठी कॉर्नवॉलिसच्या छावणीत जिवावर उदार होऊन हेरगिरी करणारा हा गुलाम. व्हर्जिनियाने १७८३ साली काही गुलाम शिपायांना मुक्त करणारा कायदा केला, पण हेर त्यात बसला नाही. लाफायेतचे प्रशस्तिपत्र जोडून अर्ज करावा लागला. १७८७ साली त्याला स्वातंत्र्य मिळाले आणि मालकाला सरकारी तिजोरीतून किंमत.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझे उत्तर दुरुस्त केले. फळ्यावर अबू बक्रा, कार्ल्टन, जेम्स अशी नावे लिहिली. परीक्षेला येणार का, असे एकाने विचारले. नाही, म्हटले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने मात्र वही उघडली.