मुलाच्या मनाची चौकशी

हाताला काम आणि अंगाला शिस्त लागली की बिघडलेलं मूल मार्गी लागतं, या समजुतीतून आपल्याकडचा बालन्याय सुरू झाला. १८५० चा अप्रेंटिसेस कायदा दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना धंदा शिकायला धाडत असे. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचं सुधारगृह निघालं, तेही त्याच वळणाचं. १९२४ च्या मुंबई बालक कायद्याने मुलांसाठी वेगळ्या न्यायालयाची सोय केली. तरी मुलाच्या आत काय चाललं आहे, हे विचारण्याची रीत पडली नाही.

हा प्रश्न लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी लावून धरला. चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांचा त्यांचा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही मुलांना कुणाबद्दलच माया उरली नव्हती, आणि अशांपैकी बहुतेकांची लहानपणीच आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. बोल्बींनी सगळा भार आईवर टाकला, हे मला पटत नाही. पण मुलाला आपलं असं एक माणूस लागतं, हे त्यांचं म्हणणं आजही खोडता येत नाही.

आपल्या कायद्यात हे शहाणपण सावकाश उतरलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांनी उंच व्यासपीठावर बसायचं नाही, मुलासमोर साक्षीदाराचा पिंजरा ठेवायचा नाही, असं नियम सांगतात. प्रत्येक मुलाच्या संगोपन आराखड्यात अभ्यास, आरोग्य यांच्या जोडीला भावनिक आधार आणि जिव्हाळ्याची नाती यांचेही रकाने आहेत. ते रकाने वाचताना बरं वाटतं.

पण मानसतज्ज्ञाला अगत्याने बोलावणं जातं ते निराळ्याच कामासाठी. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हे ठरवण्याआधी त्याची मानसिक क्षमता तपासतात. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. निर्णय योग्यच आहे. मात्र जे मूल गुन्हा न करता बालगृहात आलं आहे, उशीखाली पोळी लपवून ठेवतं, नवव्या वर्षीही अंथरूण ओलं करतं, त्याच्यासाठी कुणाला तातडीने बोलावलं जात नाही. मन तपासायला आपण शिकलो, सांभाळायला अजून शिकलेलो नाही.

संस्थेऐवजी कुटुंबात ठेवलेल्या मुलांचंही हेच. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि गरीब घराला ते हवेतच. पण भाचा रात्री किंचाळत उठला तर काय करावं, हे मावशीला कोण सांगणार? शिवाय समुपदेशक कंत्राटी असला की मुदत संपते, माणूस बदलतं आणि आपली कर्मकथा मुलाला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. हा त्या मुलावर अन्यायच आहे.

समुपदेशकाची पदं कायमची करा आणि मूल घरी परतल्यावरही तोच माणूस त्याला भेटत राहील अशी सोय करा, ही सरकारकडे मागणी आहे. वाचकांपैकी कुणी मानसतज्ज्ञ असतील, तर त्यांनी आपल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन आठवड्याचा एक तास देऊ करावा. मात्र तो निदान दोन-तीन वर्षं तरी चुकवू नये.