पाळीची वही

सोलापूरजवळच्या वळसंगच्या आमच्या शेतात विहिरीच्या मोटारीची एक लहानशी खोली होती. आत स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळ्याला एक वही लटकलेली असे आणि तिच्या कोपऱ्याला सुतळीने बांधलेला पेन्सिलीचा तुकडा. विहिरीत आमचे आठ आणे, थोरल्या चुलत्यांचे चार आणे, धाकट्यांचे चार आणे. हिस्से सातबाऱ्यावर लिहिलेले होते, पण सातबाऱ्यावरून पाणी वाटता येत नाही. ते वहीवरून वाटायचं. कोणत्या वारी कोणी किती वाजता मोटार चालू केली आणि किती वाजता बंद केली, एवढंच तिच्यात असे. माझे वडील, अप्पा, दुसरं काही लिहीत नसत, पण ही वही मात्र घड्याळात बघून लिहीत.

विहीर एक, शेतं तीन. विहीर वाढवता येत नव्हती, कारण खाली काळा पाषाण लागला होता. पण तिघांचीही ज्वारी, तूर आणि थोडाफार ऊस त्याच पाण्यावर निघायचा. विहिरीतल्या झऱ्यांइतकंच यात पाळीचं बळ होतं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. जी गोष्ट वाढवता येत नाही, ती पाळीने पुरवता येते. हा एकच विचार मला इथे उलगडायचा आहे, आणि त्यासाठी वळसंगहून मुंबईच्या विमानतळापर्यंत जायचं आहे.

मुंबईचा विमानतळ बेटावर आहे, हे आपल्या ध्यानातच राहत नाही. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला माहीमची खाडी, असं हे साष्टी बेट. मूळ मुंबईच्या बेटांना ते 1845 मध्ये माहीमच्या कॉजवेने जोडलं गेलं. जे.आर.डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणलं ते जुहूच्या धावपट्टीवर. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी धावपट्टी झाली आणि युद्धानंतर, 1948 मध्ये, प्रवासी विमानं जुहूहून तिथे आली. तेव्हा भोवती मोकळं रान होतं. आज कुंपणाला घरं टेकलेली आहेत, मिठी नदी धावपट्टीच्या खालून वाहते, एका अंगाला टेकड्या आणि दुसऱ्या अंगाला वस्ती संपते तिथे समुद्र. म्हणजे इथेही काळा पाषाण लागला आहे. विहीर आता रुंद होणार नाही.

या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत. मोठी सुमारे 3400 मीटरची, धाकटी सुमारे 2900 मीटरची. पण त्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदतात. पूर्वीची विमानं हलकी असत, आडव्या वाऱ्याने भेलकांडत. त्यामुळे वारा फिरला तर उतरायला दुसरी दिशा हवी म्हणून अशा छेदणाऱ्या पट्ट्या जगभर आखल्या गेल्या. आज त्याचा अर्थ असा होतो की एका पट्टीवर विमान असताना दुसरी वापरता येत नाही. आमच्या विहिरीवर धाकट्या काकांनी आपली वेगळी मोटार बसवली होती. मोटारी दोन झाल्या, म्हणून विहिरी दोन झाल्या नाहीत. पाणी तेच, तळ तोच. मुंबईच्या दोन पट्ट्याही एका वेळी एकच असतात.

आणि त्या एका पट्टीवर काय काय होतं! 8 डिसेंबर 2018 या एका दिवशी तिथे 24 तासांत 1007 विमानं उतरली आणि उडाली. भागाकार केला तर दर 86 सेकंदांना एक. आता वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी या विमानतळावरून ये-जा करतात.

कुर्ल्याला आमच्या नातलगांच्या इमारतीची गच्ची आहे. तिथे एका रात्री मी पूर्वेकडे तोंड करून बसलो होतो. लांब अंधारात एक दिवा दिसला, त्याच्या मागे दुसरा, आणखी मागे तिसरा आणि अगदी पुसट असा चौथा. एका सुतात ओवलेले. पहिला मोठा होत होत डोक्यावरून घरघरत गेला, तेव्हा चौथा दुसऱ्याच्या जागी आला होता आणि मागे नवा पाचवा उगवला होता. मी घड्याळ लावून बसलो. प्रत्येक दिवा जवळजवळ तेवढ्याच अंतराने येत होता. कोणी पुढे घुसत नव्हतं, कोणी मागे रेंगाळत नव्हतं. त्या क्षणी मला स्टार्टरशेजारची वही आठवली. आभाळातही कोणीतरी ती लिहीत होतं.

पाळी म्हटली की आपल्या मनात येतं ते थांबणं. आपला नंबर येईपर्यंत दम धरायचा, ही पाळीची अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी अधिक अवघड आहे. ती म्हणजे आपली वेळ झाली की सोडणं. विमान उतरलं की पट्टी किती लवकर मोकळी करतं यावर मागच्याचं उतरणं अवलंबून असतं. म्हणून मोठ्या विमानतळांवर पट्टीच्या कडेने तिरकस वाटा काढलेल्या असतात. विमानाने पुरतं थांबून काटकोनात वळायचं नाही, वेग थोडा उतरला की तसंच तिरकं बाहेर पडायचं. सगळं जमलं तर साधारण 50 सेकंदांत पट्टी मोकळी. वैमानिकाने पुढची वाट पकडू म्हणून दहा सेकंद जास्त घेतले, तर मागच्याला कधी कधी उतरता उतरता पुन्हा वर उठावं लागतं, आणि मग ते सगळ्या ओळीला नव्याने जागा मागतं.

पाळीला क्रमही लागतो. मोठं, जड विमान गेलं की त्याच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात. त्यात मध्यम विमान लगेच घुसलं तर ते उलथंपालथं होऊ शकतं, म्हणून दोघांत पाच सागरी मैलांचं अंतर ठेवतात. जडामागे जड असेल तर चार मैल पुरतात. म्हणजे तीच विमानं, तोच तास, पण कोणामागे कोण लावलं यावर त्या तासात किती उतरतील ते ठरतं. आमच्याकडेही हे होतंच. उसाच्या सरीला पाणी सोडल्यावर पाट रात्रभर भरलेला राही, आणि त्याच ओल्या पाटातून पुढच्याने आपल्या वाफ्यांना घेतलं तर पाणी लवकर पोचे. कोरड्या पाटात अर्धं पाणी जमीनच पिते. दारं धरणाऱ्याला हे कोणी शिकवत नाही, तो पायाने शिकतो.

आता या विचाराची सगळ्यात खोल बाजू. मोटार चालू आहे, लाईट आहे, विहिरीत पाणी आहे, मग सलग का उपसू नये? कारण विहीर झऱ्यांनी भरते आणि झऱ्यांना वेळ लागतो. सलग उपसलं की पाणी फुटव्हॉल्व्हखाली जातं, मोटार हवा ओढते आणि मग पुढचे दोन तास कोणालाच काही नाही. अप्पा दोन पाळ्यांमध्ये मुद्दाम थोडा वेळ मोकळा ठेवत. ते म्हणत, “हिरीला दम खाऊ दे.”

मुंबईला ताशी 46 विमानं ठरवलेली होती, म्हणजे दर 78 सेकंदांना एक. कागदावर ते बसत होतं. पण त्यात एखादं विमान पाच मिनिटं उशिरा आलं, एखादं वेळापत्रकाबाहेरचं खासगी विमान मध्ये शिरलं, एखाद्याने पट्टी सोडायला वेळ लावला, की ती पाच मिनिटं भरून काढायला कुठेच फट नव्हती. चूक पुढे पुढे ढकलली जाई आणि संध्याकाळपर्यंत तिची रांग आभाळात लागे. विमानं 40 मिनिटं, 60 मिनिटं शहरावर घिरट्या घालत. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचा हिशेब मांडला. तासाला साधारण 2000 किलो इंधन धरलं तर 40 मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे 1.8 लाख रुपयांचं इंधन जळतं आणि तासभरात सुमारे 2.6 लाखांचं. मग निर्णय झाला तो विमानं कमी करण्याचा. गर्दीच्या वेळी ताशी 46 ऐवजी 44, एरवी 44 ऐवजी 42.

तासाला फक्त दोन विमानं कमी, म्हणजे दर विमानामागे जेमतेम चार सेकंद जास्त. पण या चार सेकंदांचा अर्थ फार मोठा आहे. ज्या पाळीत काठोकाठ भरलेलं असतं, तिच्यात माणसाच्या चुकीला जागा नसते. आणि माणूस चुकतोच, पाऊस येतोच, वारा फिरतोच. पाळी टिकते ती या मोकळ्या ठेवलेल्या फटीमुळे.

फटीच्या पुढची पायरी म्हणजे पुरती विश्रांती. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा म्हणून आमच्याकडे दोन-तीन दिवस सगळ्यांच्या पाळ्या बंद असत. पिकं माना टाकत, पण कोणी तक्रार करत नसे. मुंबईतही पावसाळ्याआधी मे महिन्यात एके दिवशी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवतात. चाकं घासून पट्टीवर बसलेला रबराचा थर, भेगा, कडेचे दिवे, सगळं तपासतात. एवढ्या मोठ्या नगरीचा हा विमानतळ सहा तास विमानाविना राहतो, म्हणून पुढचे चार महिने मुसळधार पावसातही विमानाचं चाक पट्टी धरून राहतं.

जगात एक बेट असं आहे की तिथे ही विश्रांती म्हणजे सणच आहे. इंडोनेशियाच्या बालीला दरवर्षी दोन कोटींहून अधिक प्रवासी ज्या विमानतळावरून ये-जा करतात, त्या न्गुराह राय विमानतळाला धावपट्टी एकच, सुमारे 3000 मीटरची, टोकाला समुद्रात शिरलेली. तोही विमानतळ वर्षातून एकदा पूर्ण 24 तास बंद असतो. त्या दिवसाचं नाव न्येपी. हे बालीच्या हिंदूंचं नवं वर्ष, आणि त्यांची गणना शक संवताची, आपल्या पंचांगात असते तीच. 2023 मध्ये आपला गुढीपाडवा आणि त्यांची न्येपी एकाच दिवशी, 22 मार्चला आली होती. आपण गुढी उभारतो, ते दिवे मालवतात. त्या दिवशी बालीत विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. फक्त आजाऱ्याला वाट मोकळी. ज्या बेटाचं पोट प्रवाशांवर आहे, ते बेट वर्षातली एक पाळी कोणालाच देत नाही. ती शांततेची पाळी.

इथवर पाळी कशी चालते ते पाहिलं. पण पाळीत कोण आहे, हा प्रश्न त्याहून जुना आहे, आणि तो वळसंगच्या माणसाला टाळता येत नाही. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना पाळीच नव्हती, त्यांची एक विहीर आमच्या गावात आहे. बाबासाहेब आंबेडकर त्या विहिरीवर आले होते, ही गावाने जपलेली आठवण आहे. पाणी कमी होतं म्हणून त्या माणसांना मागे ठेवलं नव्हतं. पाणी भरपूर असतानाही वहीत त्यांचं नावच नव्हतं. पाळी न्यायाची आहे की नाही, हे रांगेच्या शिस्तीवरून कळत नाही. वहीत कोणाची नावं आहेत, यावरून कळतं.

विमानतळाच्या वहीतही हा प्रश्न येतो. सोलापूरहून मुंबईला विमान सुरू झालं ते ऑक्टोबर 2025 मध्ये. 76 आसनांचं विमान. मुंबईच्या पट्टीवर ते उतरतं तेव्हा एक पाळी खर्च होते, आणि 300 माणसांचं परदेशी विमान उतरतं तेव्हाही एकच. निव्वळ पैशाचा हिशेब केला तर लहान गावाच्या विमानाला ती पाळी कधीच मिळू नये. पण पाणी जास्त पिकाला द्यायचं असं ठरलं असतं, तर धाकट्या काकांच्या चार आण्यांना आयुष्यभर कोरडं राहावं लागलं असतं. अप्पांचे आठ आणे होते, पण त्यांनी चार आण्याची पाळी कधी मोडली नाही. मोठ्याने लहानाची पाळी राखायची, हाच वहीचा अर्थ होता.

आता मुंबईजवळ दुसरी विहीर खणली गेली आहे. नवी मुंबईचा विमानतळ खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर आहे. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली, आणि पूर्ण झाल्यावर त्याच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना समांतर असतील, छेदणाऱ्या नसतील. साष्टी बेटावरचा ताण त्याने हलका होईल, ते व्हायलाच हवं. पण नव्या विहिरीमुळे वहीची गरज संपली असं कोणी समजू नये, कारण ते आम्ही समजलो होतो.

आमच्या तिन्ही घरांनी पुढे आपापली बोअर मारली. पाळीची कटकट नको, हवं तेव्हा बटण दाबायचं. वही खिळ्यावर तशीच राहिली. पहिली दोन-तीन वर्षं पाणी धो धो आलं. मग एकाची बोअर खाली गेली म्हणून दुसऱ्याने आणखी खोल नेली, ती बघून तिसऱ्याने. जमिनीखालचं पाणी तर एकच होतं. वर तीन बोअर, खाली तीच एक विहीर, फक्त आता तिला वही नव्हती. शेवटी तिन्ही बोअर कोरड्या पडल्या, आणि जुन्या विहिरीतही तळाला ओल तेवढी उरली.

मागच्या उन्हाळ्यात ती मोटारीची खोली साफ करताना वही हाती आली. पानांना वाळवी लागली होती, पण अप्पांचे आकडे वाचता येत होते. प्रत्येक नोंदीत त्यांची एक सवय दिसत होती. पाळी दहाला संपायची असेल, तर मोटार बंद केल्याची वेळ नऊ पंचावन्न. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, पाच मिनिटं का सोडता? ते म्हणाले होते, “आरं, मोटार बंद केली तरी पाटात असतं ते पाणी आपल्याच रानात येतंय की. आपलं काय जात नाही. अन् काकाला त्याची पाळी वेळेत सापडती.”