ऐकणाऱ्याचा देव

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला, त्या वसाहतीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर असे नामकरण झाले. तरीही तेथील पत्ता आजतागायत ‘कॅम्प नं. ३’ अशाच छावणीच्या भाषेत सांगितला जातो. या वस्तीत चेटीचंडला, म्हणजे चैत्र शुद्ध द्वितीयेच्या सुमारास येणाऱ्या झूलेलालच्या जन्मोत्सवाला, ‘दमादम मस्त कलंदर’ वाजल्याखेरीज मिरवणूक पुरी होत नाही. गाणे उद्देशून आहे ते सेहवणचे तेराव्या शतकातील सूफी संत लाल शहबाज कलंदर यांना. सिंधी हिंदू मात्र त्यातला ‘लाल’ हा सिंधूचा जलदेव झूलेलालच मानतात. नूरजहाँ, रूना लैला, आबिदा परवीन अशा गायिकांच्या आवाजात ते बाजारात आले आणि ज्याला यांपैकी कोणीच पूज्य नाही, असा श्रोताही त्यावर ठेका धरू लागला. मग ही स्तुती नेमकी कोणाला पोहोचते?

गाणाऱ्याच्या हेतूवरून याचा निवाडा होत नाही, कारण ध्वनिमुद्रिकेतल्या आवाजाला आपला श्रोता कोण हे ठाऊकच नसते. ईश्वरस्मरणासाठी संगीत ऐकण्याच्या सूफी साधनेला ‘समा’ म्हणतात. तिची चिकित्सा करताना अल-गझाली (मृत्यू ११११) यांनी असे मांडले, की संगीत हृदयात नवे काही घालत नाही, तेथे असलेलेच हलवून जागे करते. भागवतातील नवविधा भक्तीतही पहिले स्थान श्रवणालाच आहे, कीर्तनाला दुसरे. म्हणजे स्तुतीचा पत्ता ऐकणाऱ्याच्या भावावर ठरतो, असे म्हणावे लागते. (डीजेच्या भिंतीपुढे भाव उरतो का, ही सोवळ्या रसिकांची शंका रास्त आहे, पण सेहवणची धमाल, म्हणजे नगाऱ्यावर चालणारे भक्तांचे नृत्य, तरी कुठे शांत असते?)

निर्वासितांच्या पहिल्या पिढीपुरते गझालींचे म्हणणे चपखल बसते, कारण नदी, दर्गा आणि उडेरोलाल येथील, हिंदू-मुसलमान दोघांचे असलेले देवस्थान त्यांनी पाहिलेले होते. प्रा. राम पंजवाणी यांनी मुंबईत झूलेलालच्या उपासनेला गाण्यांतून नवे बळ दिले, तेव्हा जागे झाले ते हेच संचित. कॅम्पात जन्मलेल्यांनी मात्र सिंधू कधी पाहिलेलीच नाही. त्यांच्या मनात आधी गाणे आले आणि देव त्यामागून आला; तेव्हा संगीत नवे काही घालत नाही, हा सिद्धान्त निदान या श्रोत्यांच्या बाबतीत अपुरा पडतो.