बसान रवा!

शूर माणूस म्हटला की तो उभाच डोळ्यांपुढे येतो. फार तर घोड्यावर. नुसता बाकावर बसून राहिला म्हणून कुणाचा पुतळा उभारल्याचे मी ऐकलेले नाही. वीस वर्षे खुर्चीत बसून पगार घेणाऱ्या मला याचे जरा वाईट वाटते.

आम्ही धाराशिवचे. पाण्याची भीती आम्हाला वाटते ती ते नसण्याची. त्यामुळे मेच्या अखेरीस मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडीतून निघालो तेव्हा सगळे मजेत होते. निघण्यापूर्वी तांडेलाने डोकी मोजली आणि जादा पैसे देऊ करणाऱ्या दोघांना खाली उतरवले. अर्ध्या वाटेत वारा उठला, लाटा आदळू लागल्या, होडी एका अंगाला कलली. साडूभाऊ ताडकन उठून वरच्या बाजूला निघाले.

"बसान रवा!" तांडेल गरजला.

साडूभाऊ शिक्षण खात्यात साहेब. 'बसा' हा शब्द त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांना सांगितलेला. पण बसले.

आता, त्यांचे चुकले काय? जीव वाचवायला चार पावले सरकणे हा काही गुन्हा नव्हे. पण 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट लाटांनी कलली, तेव्हा घाबरलेले उतारू असेच एका बाजूला धावले, असे सांगतात. सहाशेहून अधिक माणसे गेली.

बँकेतही तेच. अफवा उठली की पहाटेपासून रांग! ठेवी कर्जाऊ दिलेल्या. सगळ्यांचे पैसे एका दिवसात देणारी बँक जगात नाही. रांगेतला एकेक जण शहाणा, रांग तेवढी वेडी. 2020 साली ठेव विमा 1 लाखाचा 5 लाख झाला, तरी धीर धरून घरी गेलेला मागे राहतो आणि धक्काबुक्की करणारा पैसे मोजून नेतो, असेही घडते. मग 'बसा' म्हणण्याचा हक्क कुणाला? माझ्या मते, ज्याने आधी डोकी मोजली आणि जो स्वतः त्याच होडीत आहे, त्याला.

मागे अशीच एक अफवा उठली होती. मी काउंटरवरून "काळजी नको, घरी जा" म्हणत होतो. एका म्हातारबांनी विचारले, "सायेब, तुमचा पैका कुठं हाय?"

मी ऐटीत याच बँकेतले माझे पासबुक पुढे केले. त्यांनी चष्मा चढवून शिल्लक वाचली.

"एवढाच व्हय? मग तुमाला बसायला काय जातंय!"