उत्तर आधी, कोष्टक मागून

तुझ्या प्रबंधाचा मसुदा दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, घाईत चूक झाली असेल. दुसऱ्यांदा कळलं, ही चूक नाही, लबाडी आहे. आणि ती तू माझ्याशी नाही, स्वतःशी केली आहेस.

कोकण किनाऱ्यावरचे मोठे प्रकल्प कशाने थांबतात? प्रश्न सोन्यासारखा निवडलास. पालघरजवळच्या माहीमच्या पोराला तो सुचावा यात नवल नाही. तारापूरची अणुभट्टी तू लहानपणापासून ऐकतोयस, एमआयडीसीचं सांडपाणी नवापूरला समुद्रात जातं हे तुला कुणी शिकवावं लागत नाही. पद्धतही नेमकी निवडलीस. सहा-सात प्रकरणांवर टक्केवारी काढून काही हाती लागत नाही, आणि एकाच गावाची कहाणी सांगून धोरण ठरत नाही. त्या मधल्या जागेसाठीच चार्ल्स रॅगिननं 1987 मध्ये गुणात्मक तुलनात्मक विश्लेषण मांडलं. एकेक कारण सुटं काढायचं नाही. कोणकोणत्या अटी एकत्र आल्या की कोणता निकाल लागतो, ते पाहायचं. हे सगळं तू तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलंस. संताप त्याचाच येतो. ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं. येत असून जो करत नाही, त्याच्यापुढे काय डोकं आपटायचं?

तुझा निष्कर्ष: लोकांचा तीव्र विरोध असला की प्रकल्प थांबतो. ऐकायला गोड. मग तुझ्या कोष्टकात दाभोळच्या वीजप्रकल्पापुढे 'तीव्र विरोध: 0' कसा? 1997 साली गुहागरातली माणसं तो उभारणाऱ्या एन्रॉनविरुद्ध तुरुंगात गेली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्यावर अहवाल काढला. तो अहवाल तुझ्याच संदर्भांत आहे! वाचलास, आणि तरी शून्य लिहिलंस. का? प्रकल्प उभा राहिला म्हणून. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीपुढेही शून्य. पोफरण आणि अक्करपट्टीची माणसं हसत उठली का रे? पुनर्वसनासाठी ती हायकोर्टापर्यंत गेली. तुझ्या घरापासून ती गावं किती लांब आहेत?

म्हणजे तू केलंस काय? प्रकल्प थांबला तिथे विरोध 'तीव्र', उभा राहिला तिथे 'सौम्य'. निकाल बघून गुण दिलेस आणि मग त्याच गुणांवरून निकाल सिद्ध केलास. याला विश्लेषण म्हणत नाहीत. विरोध तीव्र कधी म्हणायचा, याची कसोटी आधी लिहायची असते. किती ग्रामसभांचे ठराव, किती दिवस बंद, किती जणांना अटक, काय ते ठरव. मग प्रत्येक गाव त्याच कसोटीवर घास. कसोटी हातात असली की मनासारखं उत्तर येईलच असं नाही, याची तुला धास्ती वाटली. खरं की नाही?

आता वाढवणचं बंदर. ते तर तू अर्धंच ठेवलंस. 1998 मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं बंदर नाकारलं, ते तुझ्या कोष्टकात दिमाखात पहिल्या ओळीत बसलंय. त्याच प्राधिकरणानं जुलै 2023 मध्ये ना-हरकत दिली. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे 76,200 कोटींचा प्रकल्प मंजूर केला, 30 ऑगस्टला इथे पालघरात भूमिपूजन झालं. ती ओळ कुठाय? तळटिपेत! 'कालखंड वेगळा असल्याने वगळले.' दाभोळचा करार 1993 चा, नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची माघार 2019 ची. ते कालखंड एक आहेत काय? गाव तेच, समुद्र तोच, मच्छीमार तेच, विरोध तेव्हाही आणि आताही, फक्त निकाल उलटा. अशी जोडी संशोधकाला जन्मात एखादीच सापडते. ती तुझ्या दारात आली आणि तू दार लावून घेतलंस. ती आत आली असती तर तुझा निष्कर्ष कोसळला असता, म्हणून.

पानवेलीच्या वाडीत वाढलास ना? वडिलांना विचार, पाण्यानं पान येतं का? ते सांगतील, पाणी हवंच, पण निचरा नसेल तर तेच पाणी मूळ कुजवतं. सावली हवीच, पण ती सुपारीची चालते, मांडवाचीही चालते. रॅगिनचं अर्धं पुस्तक या दोन वाक्यांत आलं. एकाच कारणाचं काम सोबतीप्रमाणे बदलतं, आणि एकाच निकालाला वाटा अनेक असतात. नाणारला विरोधाबरोबर सत्तेतलाच मित्रपक्ष प्रकल्पाविरुद्ध उभा होता, निवडणूक तोंडावर होती. वाढवणला 1998 मध्ये 'नाही' म्हणण्याचा अधिकार असलेलं आणि तो वापरणारं प्राधिकरण होतं. विरोध दोन्हीकडे, सोबत वेगळी. हे वाडीत दिसतं, मग कोष्टकात का दिसत नाही?

जैतापूरचा अणुप्रकल्प तर तू 'थांबला' म्हणून टाकलास. तो रद्द झालेला नाही, उभाही राहिलेला नाही. अशा अधल्यामधल्यासाठी शून्य आणि एकच्या मधले गुण असतात, हे तुला माहीत आहे. पण त्यासाठी फुकुशिमा, अणुदायित्वाचा कायदा, फ्रेंच कंपनीशी चाललेली बोलणी, सगळं वाचावं लागलं असतं. ते कष्ट नको होते.

पुढचं ऐक. अटी चार, प्रत्येक आहे किंवा नाही, म्हणजे शक्य ओळी सोळा. प्रकरणं सहा. किमान दहा ओळी रिकाम्या. त्या संगणकातल्या पॅकेजनं आपल्या सोयीनं गृहीत धरल्या आणि सर्वांत आखूड उत्तर दिलं. तेच तू ठळक अक्षरांत छापलंस. कोणत्या रिकाम्या ओळीवर काय गृहीत धरलं, हे तू एकदा तरी उघडून पाहिलंस का? वर 'प्रकल्प का उभे राहतात' हे प्रकरण तू थांबण्याची कारणं उलटी करून एका दुपारी लिहून काढलंस. विरोध नसला की प्रकल्प होतो म्हणे! दाभोळ आणि तारापूर काय विरोधाशिवाय उभे राहिले?

'वाढवणला जायला जमलं नाही, सर.' हे ऐकून मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. पालघरहून लोकलनं उमरोळी, बोईसर, की वाणगाव. तिसरं स्टेशन. मुंबईच्या ग्रंथालयात जायला रोज वेळ आहे, उलट्या दिशेच्या गाडीत बसायला नाही?

उद्या कुणी हा निष्कर्ष एखाद्या बंदरावरच्या माणसाच्या हातात ठेवला, 'विरोध तीव्र करा, प्रकल्प थांबेल' म्हणून, तर तो होडी काठावर ओढून महिनोन्महिने रस्त्यावर बसेल. त्याचा हंगाम बुडेल. ती जबाबदारी तू घेणार आहेस? त्याला खरं सांगायचं तर विरोधासोबत आणखी काय लागतं तेच सांगावं लागेल, आणि ते तुझ्या गाळलेल्या ओळीत आहे.

मसुदा परत पाठवतोय. वाढवणच्या दोन्ही ओळी कोष्टकात आण. सोमवारी पहिला कागद कसोट्यांचा घेऊन ये. त्यावर निकालाचा रकाना नको.