उपवास, स्नायू आणि बदललेले यकृत

नांदेड-लातूरकडे आषाढी एकादशी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि रमजानचे रोजे हे देहाला आवर घालण्याचे मार्ग मानले जातात. परंतु यकृत निकामी झाल्याने प्रत्यारोपणासाठी पुणे, मुंबई वा हैदराबाद गाठणाऱ्या रुग्णाने उपवास धरावा की सोडावा, हा केवळ पथ्याचा प्रश्न नसून तप कशाला म्हणावे याचा प्रश्न आहे.

निरोगी यकृत अन्नातील साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते आणि रात्रभर शरीराला पुरवते. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होऊन आक्रसते तेव्हा, ही साठवण आटते, आणि एक रात्र उपाशी राहिलेल्या अशा रुग्णाची स्थिती निरोगी माणसाने दोन-तीन दिवस निरंकार राहावे तशी होते. मग शरीर आपलेच स्नायू मोडून साखर बनवू लागते. या स्नायूक्षयाला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. पोटात पाणी साचल्याने वजनकाटा तोच आकडा दाखवत राहतो आणि खोल गेलेली कानशिले, बारीक झालेल्या मांड्या घरच्यांच्या लक्षातही येत नाहीत. असा रुग्ण शस्त्रक्रियेला सामोरा गेला, तर जंतुसंसर्गाचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, अतिदक्षता विभागातला मुक्काम लांबतो. शिवाय नवे यकृत बसल्यावरही स्नायू आपोआप भरून येत नाहीत, कारण शरीराने ते यकृत नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी स्टेरॉइडे स्नायू झिजवतात.

गीतेच्या 6व्या अध्यायात अति खाणाऱ्याप्रमाणेच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असे म्हटले आहे, तर 17व्या अध्यायात देहाला कृश करणारे, शास्त्राने न सांगितलेले उग्र तप आसुरी ठरवले आहे. कुराणाने आजाऱ्याला रोज्यातून सवलत दिली आहे. लातूर परिसरात रुजलेल्या लिंगायत परंपरेत देह हेच देवालय आणि कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, हीच उपासना. ज्या देहात श्रमाचे बळ उरले नाही त्याला आणखी उपाशी ठेवणे या विचाराशी विसंगत आहे. व्रतात त्यागायची असते ती वासना, आणि येथे तर वासना जागच्या जागी राहून स्नायू जातो. यकृताचा तुकडा आई, पत्नी वा भावाने दिला असेल, तर त्या देहाला शिक्षा करण्याचा अधिकार रुग्णाचा एकट्याचा उरतो, असे मानणेही कठीण आहे.

संकल्पाची आतली बाजू, नामस्मरण आणि संयम, यांना यातून बाध येत नाही. झोपण्यापूर्वी वैद्याने सांगितलेला प्रथिनयुक्त आहार घेऊनही एकादशी पाळता येते. अधिक अवघड आहे तो मुलासाठी नवस बोलून कडक उपवास करणाऱ्या आईचा प्रश्न, कारण पुष्कळदा तीच दात्री असते, आणि शस्त्रक्रियेसाठी तिचाही देह तितकाच सुदृढ असावा लागतो.