गुरूचा हेतू आणि शिष्याचे ऋण

पुण्याहून नगरास (या शहराचे नाव आता अहिल्यानगर असे झाले आहे) जाताना भीमेच्या अलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत, दि. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ लागतो. पूल ओलांडला की कोरेगाव भीमा. मध्यंतरी एका व्याख्यानाच्या निमित्ताने नगरास निघालो असता मी त्या स्तंभापाशी घटकाभर बसलो, आणि बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न तेथे पुन्हा उभा राहिला. ज्याने आपणांस काही दिले, त्याच्या मनातील आपले हित आणि आपण ज्यास हित म्हणतो ते एक नव्हते असे कळले, तर त्याचे ऋण मानावे की मानू नये?

प्रश्न घरचाच आहे. माझी आजी लहानपणी एका मिशन शाळेत चार इयत्ता शिकली. शाळेतून आल्यावर अंगावर पाणी घेतल्यावाचून तिला माजघरात पाऊल टाकता येत नसे. पुढे तीच वाड्यातील सर्व बायकांची पत्रे वाची आणि लिही. परंतु त्या शाळेचे नाव निघाले की वडील मंडळी विषय बदलीत. विद्या घरात आली, गुरू मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला.

अशा शाळांचा आरंभ पाहण्यासारखा आहे. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, तेव्हा त्यांस प्रथम विरोध झाला तो कंपनी सरकारचा. त्यांच्या मिशनने १८२४ त मुंबईत मुलींची शाळा काढली. हॉल १८२६ त पटकीने वारले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस सिंथिया फॅरार नावाच्या अविवाहित शिक्षिका या मुलींच्या शाळांसाठी मुंबईस आल्या. दहा वर्षांनी प्रकृती ढासळून त्या मायदेशी परतल्या. त्यांचे कार्य तेथेच संपते, तरी कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु १८३९ त त्या पुन्हा आल्या, नगरास राहिल्या, आणि १८६२ त तेथेच वारल्या. परदेशी वस्ती करणे म्हणजे काय, याचे मर्म मला या दुसऱ्या येण्यात दिसते. पहिल्या खेपेस मनुष्य उत्साहाच्या भरात येतो. ऊन, आजारपण आणि परकेपण भोगून झाल्यावरही जो परत येतो, तोच खरा वस्तीस येतो.

तथापि त्यांचा हेतू ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा होता, हे झाकण्यात अर्थ नाही. त्याच १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुष्कळ पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. या पालकांस केवळ सनातनी म्हणून हसणे सोपे आहे. मी स्वतः आयुष्यभर शिकवीत आलो आहे. कोवळ्या मनावर शिक्षकाची सत्ता किती चालते हे मला ठाऊक आहे. ती भीती निराधार नव्हती.

मग निर्णय कसा करावा? जोतीराव फुले यांनी तो आपल्या आचरणाने केला. नगरास फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहून त्यांस प्रेरणा मिळाली. १८४८ त त्यांनी पुण्यास भिडेवाड्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण नगरास फॅरारबाईंकडे व पुण्यास मिचेलबाईंकडे घेतल्याचे सांगतात. जोतीरावांनी हे ऋण लपविले नाही. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ त त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. ऋण मानणे निराळे आणि अंकित होणे निराळे, हा भेद त्यांस स्पष्ट दिसला होता. आमच्या वाड्यातील वडील मंडळींस तो दिसला नाही. अंकित होण्याच्या भयाने त्यांनी ऋणच नाकारले.

या भेदाची कसोटी गुरूलाही द्यावी लागते. पंडिता रमाबाईंनी १८८३ त इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, परंतु मते आणि अधिकार यांविषयी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी त्या निर्भयपणे वाद घालीत राहिल्या. पुढे याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगावी, त्यांनी मुक्ती मिशन उभारले, आणि परदेशी स्त्रिया तेथे त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या. शिष्याने दिलेले घ्यावे आणि सांगितलेले तपासून पाहावे, हे ज्या गुरूला सोसवत नाही, तो परक्या देशात चाळीस वर्षे राहिला तरी पाहुणाच राहतो.

पेरण्याचा स्तंभ कंपनीने उभारला तो आपल्या पराक्रमाच्या स्मरणार्थ. त्यावर महार सैनिकांचीही नावे आहेत. डॉ. आंबेडकर दि. १ जानेवारी १९२७ रोजी तेथे आले; आणि आज दर वर्षी त्या दिवशी जो जनसमुदाय लोटतो, तो कंपनीचा गौरव करावयास येत नाही. उभारणाऱ्यांच्या मनात नसलेला स्वाभिमान लोकांनी त्या दगडातून घेतला. देणाऱ्याच्या हेतूचा हिशेब देणाऱ्यापाशी राहतो. घेतलेल्या वस्तूचे काय केले, हा हिशेब मात्र आपला असतो.

आजीला शाळेतील प्रार्थना म्हातारपणीही पाठ होत्या. ती त्या कधी म्हणत नसे. पण कोणी त्यांची थट्टा केली तर तिला खपत नसे. त्या वेळी मला हे विसंगत वाटे. आता वाटते की, आमच्या घरात हा हिशेब चोख ठेवणारी ती एकटीच होती.